‘महल’चा काळोख आणि आपल्या घरचा पडदा

आपल्याकडे भयपटांचा विषय निघाला की लोक थेट रामसे बंधूंवर येतात. पण त्यांच्या कितीतरी आधी, १९४९ साली, मालाडच्या बॉम्बे टॉकीज स्टुडिओत एक चित्रपट तयार झाला. त्यात रक्त नव्हते, मुखवटे नव्हते, स्मशानही नव्हते. होता तो एक ओसाड वाडा, रात्र, झोपाळा आणि दुरून येणारा एका बाईचा आवाज. दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा हा पहिलाच चित्रपट, ‘महल’. हिंदी-उर्दू सिनेमातल्या भयकथेची सुरुवात बहुतेक अभ्यासक येथूनच धरतात.

आज ‘महल’ कोणालाही घरबसल्या पाहता येतो. मोबाइल उघडला की समोर हजर. मग तो जपण्याची, त्याचा जीर्णोद्धार करण्याची गरजच काय, असे कोणी विचारेल. माझे म्हणणे असे की, आपल्या घरांत फिरत आलेला ‘महल’ म्हणजे अमरोहींच्या ‘महल’ची सावली आहे. त्या चित्रपटाचा सगळा जीव काळोखात होता आणि घराघरांतल्या स्वस्त प्रतींनी नेमका तो काळोखच खाऊन टाकला. त्याबरोबर आणखी काही गेले. ते काय गेले, हे समजून घेण्यासाठी आधी हा काळोख कोणी घडवला ते पाहिले पाहिजे.

म्युनिकचा माणूस, अमरोह्याचा लेखक

‘महल’चे छायालेखक होते जोसेफ विर्शिंग. जन्म १९०३, गाव जर्मनीतले म्युनिक. हिमांशू रॉय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या ‘प्रेम संन्यास’ या मूकपटासाठी ते १९२५ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आले. पुढे १९३४ मध्ये हिमांशू रॉय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा त्यांना पुन्हा बोलावणे गेले. ‘अछूत कन्या’सह या स्टुडिओचे कितीतरी चित्रपट त्यांनी टिपले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि जर्मन नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना नजरकैदेत टाकले. सुटल्यावर ते मायदेशी परत गेले नाहीत. मुंबईतच राहिले आणि पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

विर्शिंग ज्या जर्मनीतून आले होते, तिथल्या सिनेमाने प्रकाशापेक्षा सावलीला जास्त बोलके केले होते. चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात ठेवायचा, जिन्याच्या कठड्याची सावली भिंतीवर लांबवर पसरू द्यायची, एका मेणबत्तीवर सगळी खोली तोलायची, ही त्या सिनेमाची रीत. ‘महल’मध्ये ती रीत यमुनेकाठच्या वाड्यात उतरली. वाड्यात राहायला आलेल्या हरिशंकरला, म्हणजे अशोक कुमारला, भिंतीवर एक चित्र दिसते. त्यातला माणूस हुबेहूब त्याच्यासारखा! म्हातारा माळी त्याला पूर्वीच्या मालकाची आणि त्याची वाट पाहत राहिलेल्या कामिनीची कहाणी सांगतो. मग रात्री कामिनी दिसू लागते. ती खरी की भास, हा प्रश्न अमरोही शेवटापर्यंत ताणून धरतात. प्रेक्षकाला धड काही दिसत नाही, म्हणूनच तो घाबरतो. अमरोहींची भाषा आणि विर्शिंग यांचा काळोख ही या चित्रपटाची दोन चाके आहेत.

अमरोही हे उर्दूतले लेखक, ‘पुकार’सारख्या चित्रपटाच्या लेखनामुळे आधीच नावाजलेले. गाव अमरोहा. शायर रईस अमरोहवी आणि जौन एलिया यांच्याच खानदानातले. अशा घरातला माणूस पुनर्जन्माची कथा रचतो, ती एका हिंदू तरुणाची असते आणि तिची जुबान मात्र खास अवधी-दिल्लीकडची उर्दू असते. यात त्या वेळी कोणाला काही विचित्र वाटले नाही. आज मात्र हे मुद्दाम सांगावे लागते, म्हणून सांगतो आहे.

धमकीच्या पत्रांचे दिवस

‘महल’ तयार झाला तो काळही ध्यानात घ्यायला हवा. फाळणी नुकतीच झाली होती. बॉम्बे टॉकीजचा कारभार अशोक कुमार आणि सावक वाच्छा यांच्याकडे आला होता. स्टुडिओत मुस्लिम लेखक, संगीतकार, तंत्रज्ञ बऱ्याच संख्येने होते. सआदत हसन मंटो तिथेच नोकरीला होते. अशोक कुमार यांच्यावरच्या लेखात मंटोंनी त्या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. मुसलमानांना काढून टाका, नाहीतर स्टुडिओ जाळून टाकू, अशा आशयाची निनावी पत्रे वाच्छांकडे येत होती. त्या पत्रांची मालकांनी पर्वा केली नाही. मंटोंना मात्र आपल्यामुळे स्टुडिओवर संकट येईल असे वाटू लागले. जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला निघून गेले.

त्याच लेखात एका रात्रीचा प्रसंग आहे. दंगलीच्या दिवसांत अशोक कुमार मंटोंना गाडीतून सोडायला निघतात आणि गाडी एका मुस्लिम मोहल्ल्यात शिरते. समोरून वरात येते आणि मंटोंचे काळीज धडधडू लागते. लोक गाडी थांबवतात, अशोक कुमारला ओळखतात आणि इकडून नको, तिकडच्या गल्लीने जा, असे आपुलकीने सांगतात. मंटोंचा जीव भांड्यात पडतो, पण त्यांच्या मनातली भीती जात नाही.

मंटो गेले, अमरोही राहिले. आणि ज्या स्टुडिओला माणसे धर्मावरून वेगळी करायला सांगितले जात होते, त्याच स्टुडिओने दीड-दोन वर्षांत ‘महल’ दिला. त्याची श्रेयनामावली एकदा सावकाश वाचावी. निर्माते एक बंगाली हिंदू आणि एक पारशी. लेखक-दिग्दर्शक अमरोह्याचा सय्यद. छायालेखक जर्मन. संगीतकार खेमचंद प्रकाश राजस्थानचे. गीतकार नख्शब जारचवी. संकलन बिमल रॉय यांचे, म्हणजे पुढे ‘दो बीघा जमीन’ करणारे तेच. नायिका दिल्लीची मुमताज जहाँ बेगम, जगासाठी मधुबाला, वय अवघे सोळा. आणि तिला आवाज देणारी वीस वर्षांची मराठी मुलगी, लता मंगेशकर.

भिवंडीकर म्हणून ही यादी मला जास्तच जवळची वाटते. १९७० आणि १९८४ या सालांच्या पुढे आमच्या शहराबद्दल फारसे लिहिले जात नाही. पण इथल्या यंत्रमागावर ताणा कोणाचा, बाणा कोणाचा आणि रंग कोणाचा हे वेगळे करत बसलात तर कापड हातात राहत नाही. ‘महल’चेही तसेच आहे.

घरी येईपर्यंत काय काय गळाले

आता घरच्या पडद्याकडे येऊ. आमच्या पिढीने जुने चित्रपट पाहिले ते भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. एका रात्रीसाठी यंत्र आणि तीन कॅसेटी, मोहल्ल्यातली चार घरे एका खोलीत. मग व्हीसीडी आल्या, डीव्हीडी आल्या, आता मोबाइल. प्रत्येक पायरीवर चित्रपट जास्त लोकांपर्यंत गेला, ही चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक पायरीवर त्यातले काहीतरी गळत गेले.

पहिले गेले ते काळे रंग. थिएटरच्या प्रिंटमध्ये काळा आणि पांढरा यांच्यामध्ये करड्या रंगाच्या असंख्य छटा असतात. प्रिंटवरून प्रिंट, तिच्यावरून कॅसेट, कॅसेटवरून पुन्हा कॅसेट अशी नक्कल होत गेली की मधल्या छटा मरतात. उरतो तो भगभगीत पांढरा आणि चिखलासारखा काळा. व्हीसीडीने तर कमालच केली. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे. त्यात अंधाराचा भाग आला की तो चौकोनी ठोकळ्यांत फुटतो. विर्शिंग यांनी जिथे सावली हलवली होती, तिथे आपल्याला लाद्या हलताना दिसतात!

दुसरी गेली ती चौकट. त्या काळच्या चित्रपटाची चौकट जवळपास चौरस असे, रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट. आजचे टीव्ही लांबट. कडेच्या काळ्या पट्ट्या लोकांना खटकतात म्हणून कोणीतरी चित्र ताणते, किंवा वरचा आणि खालचा भाग कापते. ताणले तर मधुबालाचा चेहरा फुगतो, कापले तर वाड्याचे छत जाते. आणि छतच गेले तर वाड्याची भव्यता आणि माणसाचे एकटेपण दिसणार कसे?

तिसरा गेला तो आवाज. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चालतो, तर आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीचा वेग सेकंदाला २५. ही तफावत नीट हाताळली नाही तर सगळा चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने धावतो. पावणेतीन तासांतली सहा-साडेसहा मिनिटे जातात आणि आवाजाची पट्टीही थोडी चढते.

‘महल’मध्ये ही गोष्ट साधी नाही. कामिनीच्या गाण्याच्या सुरुवातीचा आवाज लांबून हळूहळू जवळ येतो. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल त्याच्याकडे आल्या, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे तिथे सुरांइतकेच अंतर महत्त्वाचे. खरखर काढण्याच्या नावाखाली यंत्राने मागची शांतता सपाट केली की ते अंतरही पुसले जाते. पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पात्राचे. खऱ्या गायिकेचे नाव लोकांना नंतर कळले. आज नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिने चाललेली ती पावले मात्र खराब प्रतींत ऐकू येत नाहीत.

शाळेत नववीच्या मुलांना मी एकदा प्रोजेक्टरवर ‘महल’मधला एक तुकडा दाखवला. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, यात काहीच दिसत नाही.” मुलगा बरोबर बोलत होता. त्या प्रतीत खरोखरच काही दिसत नव्हते. काही न दिसणे आणि अंधार दिसणे, यांतला फरक तिच्यातून समजणे शक्य नव्हते.

जीर्णोद्धार म्हणजे ऑइल पेंट नव्हे

हे सगळे परत मिळवण्याच्या कामाला रिस्टोरेशन म्हणतात. आपला शब्द जीर्णोद्धार. पण या शब्दाबरोबर एक धोकाही येतो, तो आपल्याला चांगला माहीत आहे. कोकणपट्टीतल्या कितीतरी जुन्या मशिदींच्या कोरीव दगडी खांबांवर भक्तिभावाने हिरवा ऑइल पेंट चढला आहे, मेहराबीला चकचकीत टाइल्स लागल्या आहेत. पैसा खर्च झाला, नियतही साफ होती, पण कारागिराचा हात मात्र गाडला गेला.

सिनेमाचा खरा जीर्णोद्धार शोधापासून सुरू होतो. मूळ कॅमेरा निगेटिव्ह आहे का? ध्वनीची निगेटिव्ह कुठे आहे? नसतील तर जगात कोणत्या प्रिंट उरल्या आहेत? १९५०च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते आणि एकदा पेटली की विझत नाही. नंतरची अॅसिटेट फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, पण दमट हवेत सडते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. मिळालेली रिळे हाताने तपासून, फाटलेल्या कडा जोडून, धुऊन घ्यावी लागतात. मग एकेक चित्र स्कॅन होते. पावणेतीन तासांच्या चित्रपटात अशी चित्रे जवळपास दोन लाख चाळीस हजार. त्यानंतर ओरखडे, डाग आणि थरथर काढायची, प्रकाश सारखा करायचा, ध्वनी स्वच्छ करायचा.

खरी परीक्षा इथे आहे: कुठे थांबायचे. फिल्मच्या अंगाला बारीक दाणा असतो. तो घाण समजून काढला तर चेहरे मेणाचे होतात. अंधार उजळला तर टीव्हीवर ‘छान दिसते’, पण भय जाते. म्हणून चांगले रिस्टोरेशन करणारा मूळ छायालेखकाला काय हवे होते याचे पुरावे शोधतो. विर्शिंग यांच्या बाबतीत असा पुरावा आहे. त्यांनी चित्रीकरणाच्या वेळी काढलेली हजारो छायाचित्रे कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांचे प्रदर्शन डिसेंबर २०१७ मध्ये गोव्यात सेरेंडिपिटी महोत्सवात भरले आणि पुढे त्यावर ग्रंथही निघाला. काळा किती काळा असायचा, हे विचारायला असा साक्षीदार दुसरा नाही.

जर्मनीतली एक नजीर

हे शक्य असते का? विर्शिंग यांच्याच देशातले उदाहरण पाहा. एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांचा ‘नोस्फेरातू’ हा मूकपट १९२२चा, भयपटांचा आद्य नमुना. कथा ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’वरून परवानगी न घेता उचललेली. स्टोकर यांच्या पत्नी कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. परदेशात गेलेल्या काही प्रतींमुळे तो वाचला. नंतर त्याच्या फिकट, तुटक्या नकला जगभर फिरल्या. त्या नकलांत एक गंमत होती: रक्तपिपासू सरदार भर दिवसा रस्त्याने हिंडतो! कारण रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित करून प्रिंट निळ्या रंगात बुडवली जात असे. निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिव्याचा उजेड. काळ्या-पांढऱ्या नकलांत तो निळा गेला आणि रात्रीचा दिवस झाला.

पॅरिसच्या सिनेमातेकमध्ये १९२२ची एक रंगवलेली फ्रेंच प्रिंट होती. तिच्या आधारे, मुर्नाव यांच्या नावाच्या जर्मन संस्थेसाठी, लुसियानो बेरियातुआ यांनी २००५-०६ मध्ये चित्रपट पुन्हा उभा केला. हरवलेली दृश्ये दुसऱ्या प्रतींतून भरली, हान्स एर्डमान यांचे मूळ संगीत पुन्हा बांधले गेले. तीच प्रत मग डिस्कवरून घराघरांत पोहोचली आणि रात्र पुन्हा रात्र झाली.

उर्दूतही एक नजीर आहे. लाहोरमध्ये १९६७ साली ख्वाजा सरफराज यांनी ‘जिंदा लाश’ केला, ड्रॅक्युलाच्या धर्तीवरचा भयपट. तो जवळपास विसरला गेला होता. मोंडो मकाब्रो नावाच्या छोट्याशा कंपनीने २००३ मध्ये त्याची डीव्हीडी काढली आणि तो पुन्हा चर्चेत आला. म्हणजे यासाठी नेहमी मोठे सरकारी खातेच लागते असे नाही. लागते ती आस्था.

हक्क मोकळा, पण रीळ?

आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचे. या हिशेबाने १९४९च्या चित्रपटाची मुदत २००९ अखेर संपते. मग तो सर्वांचा होतो, हे खरे. पण जो सर्वांचा, तो कोणाचाच नाही, असेही होते. नक्कल फुकट मिळत असेल तर लाखो रुपये खर्चून चांगली प्रत कोण काढणार? आणि कायद्याने हक्क मोकळा झाला म्हणून कपाटातले रीळ आपोआप बाहेर येत नाही.

रिळांची आपल्याकडची कहाणी दुःखद आहे. चांदीसाठी फिल्म विकली गेली, ती धुऊन चांदी काढली गेली, उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या झाल्या. पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज उपलब्ध नाही. हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले तीसच्या आसपास. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून रिळे गोळा केली. फाळक्यांचे चित्रपट आज दिसतात ते त्यांच्यामुळे. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून मोठा ठेवा खाक झाला. आता राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून जुने चित्रपट स्कॅन होत आहेत आणि मुंबईत शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून काम करते आहे. यादी मोठी आहे, वेळ थोडा आहे.

आपल्या हातात काय आहे?

बॉम्बे टॉकीज १९५०च्या दशकातच बंद पडली. मालाडच्या त्या आवारात आज छोटे कारखाने आणि पडक्या भिंती आहेत. विर्शिंग १९६७ मध्ये, अमरोहींचाच ‘पाकीजा’ अर्धवट असताना गेले. खेमचंद प्रकाश तर ‘महल’नंतर वर्षभरातच वारले. आता बोलायला फक्त फिल्म उरली आहे.

भिवंडी हे गोदामांचे आणि भंगाराचे शहर. मुंबईत नको झालेले पुष्कळ काही इथे येऊन पडते. जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या अजून घरांत सापडतात. त्यांत कथा आणि नावे उर्दूतही छापलेली असत. ७८च्या तव्यांची पाकिटे, पोस्टर, क्वचित एखादा पत्र्याचा डबा आणि त्यात रीळ. असे काही हाताला लागले तर ते किलोच्या भावाने देऊ नका. रिळाचा डबा असेल तर तो उन्हात वा आगीजवळ नेऊ नका, उलगडूही नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आजीच्या ट्रंकेतली एक चोपडी श्रेयनामावलीतले हरवलेले नाव परत देऊ शकते.

आणि घरी जुना चित्रपट पाहताना टीव्हीची चौकट मूळ ठेवा, कडेच्या काळ्या पट्ट्या सहन करा. चित्र गुळगुळीत करणारी आणि रंग भडक करणारी बटणे बंद करा. खोलीतला दिवा मालवा. हे फुकट आहे आणि निम्मा फरक तिथेच पडतो. शिक्षकांनी मुलांना एखादे जुने दृश्य दाखवायचे ठरवले तर मिळेल त्यातली सर्वात चांगली प्रत शोधावी आणि श्रेयनामावली पुढे न ढकलता, थांबवून, मोठ्याने वाचावी.

अमरोही, विर्शिंग, अशोक कुमार, वाच्छा, खेमचंद प्रकाश, नख्शब, बिमल रॉय, मुमताज जहाँ, लता. स्टुडिओ जाळण्याच्या धमक्या आल्या, त्यानंतर दीड-दोन वर्षांत ही नावे एका पडद्यावर एकत्र आली होती. फिल्म सडली तर ही नावे आधी पुसट होतील. मग कोणीतरी म्हणेल, असे लोक एकत्र काम करत होते ही भाकडकथा आहे. तेव्हा दाखवायला आपल्याकडे पुरावा हवा, आणि तो स्वच्छ दिसेल असा हवा.